दोन्ही र एकाच जागी तुटलेले

रामू, चौकात तुझा फ्लेक्स लागलाय.

तू रोज खर्रा घ्यायला ज्या पानठेल्यावर थांबायचास ना, त्याच्याच बाजूच्या खांबाला तारेने करकचून बांधलाय. मागे बर्फाचे डोंगर दाखवलेत. जन्मात तू कधी पचमढीच्या पुढे गेला नाहीस आणि या लोकांनी तुला हिमालयात नेऊन उभा केलाय. फोटो कुणाच्या तरी लग्नातला आहे, डोळ्यांवर गॉगल. खाली शोकाकुल म्हणून ज्यांची तोंडं लावलीत, त्यातली निम्मी तर तुझ्या तोंडापेक्षा मोठी आहेत. आणि अक्षरं काय सांगू तुला! सोनेरी, फुगलेली, मागे निळी सावली, वेलांटीवर चमकणारा तारा. भावपूर्ण श्रद्धांजली म्हणे. त्यापेक्षा बँडवाल्याची पाटी बरी. मी खाली उभी राहून बघत होते, तर पानठेलेवाला कौतुकाने म्हणाला की बाई, मस्त बनवला ना. त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारा मान खाली घालून सुपारी कातरायला लागला.

पण खरं सांगू का, त्याच्यावर माझा राग नाहीच. फ्लेक्सवाल्यावरही नाही. राग तुझ्यावर आहे. लोक येतात, ओसरीवर बसतात, रामेश्वरभाऊ किती चांगले होते, किती हसतमुख होते म्हणतात, चहा पितात आणि जातात. मी मान हलवते. हसतमुख होतास हेच तर माझं दुखणं आहे. त्या हसण्यामागे काय काय दडवलेलं असायचं ते मला आता एकेक करून कळून राहिलंय, आणि जाब विचारायला जावं तर तू जागेवर नाहीस.

दिवाळीच्या आधीपासून तू छाती चोळत होतास. मी पाहिलं होतं. मोठी बहीण म्हणून उठता-बसता सांगितलं होतं की गोंदियाला जाऊन दाखव, नाहीतर सरळ नागपूरला जा, बायको आहे ना, सुनंदाला सोबत ने. तुझं उत्तर ठरलेलं. "गॅस हाय व बाई. मंडईचा सीजन होऊन जाऊ दे, मंग जाऊ." दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, मंडई म्हटलं की रात्रीचं नाटक आलं, आणि नाटक म्हटलं की पोस्टर आणि पाम्प्लेट आलं. दुकानाचे दिवस तेच, हे मला कळत नव्हतं का? पण आता गावांनी आपापल्या मंडया तुझ्यावाचून भरवल्याच ना. चिचगडची पोस्टरं पोचवायला तू मोटरसायकलवर गेलास, पाणी प्यायला म्हणून मंडपातल्या खुर्चीवर बसलास आणि उठलाच नाहीस. त्या लोकांनी नाटक रद्द केलं नाही. सुरू करायच्या आधी दोन मिनिटं उभे राहिले, असं एकाने मला येऊन फार मोठ्या मनाने सांगितलं. मला त्याचाही राग आला. मग वाटलं, ते तरी काय करणार, तूच छापलेल्या पोस्टरवर तारीख होती.

तुझ्यावरचा सगळ्यात जुना राग बाबूजींच्या छापखान्याचा. तो तू मला कधी पुरा बोलू दिला नाहीस, दरवेळी चहा मागवून विषय बदललास. आज ऐक. बाबूजी गेले आणि वर्ष सरायच्या आत तू पायाने चालवायचं ते मशीन विकलंस, लाकडी मोठी अक्षरं विकलीस, शिशाच्या अक्षरांचे सगळे खिळे त्यांच्या खणांच्या पेट्यांसकट भंगारवाल्याच्या टेम्पोत घातलेस. मी तेव्हा बालाघाटला सासरी होते. मला एक फोन केला नाहीस. दिवाळीला माहेरी आले तर छापखान्याच्या खोलीत कॉम्प्युटर, आणि भिंतीला शाईचे डाग तेवढे शिल्लक. खिळे जुळवायला बाबूजींनी तुझ्या आधी मला शिकवलं होतं, रामू. तुझी बोटं तेव्हा पेटीच्या वरच्या खणाला पोचतही नव्हती. तुला विचारलं तर म्हणालास, चालवनारा गेला, आता चालवनार कोन होतं? मी होते ना. पण मी लग्न होऊन गेलेली, म्हणजे तुझ्या हिशेबातून गेलेली.

आणि मग ज्याला भंगारात घातलं त्याच्याच मागे तू जन्मभर लागलास. यावर मी किती वेळा डोकं आपटलं असेल! खरी जुनी छपाई घरची होती ती नको झाली, आणि नंतर कॉम्प्युटरवरच्या नव्या कोऱ्या अक्षराला जुनं करत बसलास. कोणत्या तरी मंडईच्या कमिटीने तुला म्हटलं होतं की सगळ्या गावांचे फ्लेक्स एकसारखे दिसतात, आमचं जरा आज्याच्या वेळेसारखं करून दे. तिथून तुला ते वेड लागलं. टेम्पो दारात उभा असताना तू घाईघाईने बाबूजींच्या शाईत बुडवून एकेका अक्षराचा एकेक ठसा कागदावर घेऊन ठेवला होतास. ते कागद तू स्कॅन केलेस आणि त्यांतून बाबूजींची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये परत उभी केलीस. हे चांगलं केलंस. तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणते. चांगलं केलंस.

पण तेवढ्यावर थांबशील तर तो तू कसला! स्क्रीनवर अक्षर फार गुळगुळीत दिसतं म्हणून त्याला झिजवायचं. कडा कुरतडायच्या. छापताना शाई दाबाने काठाला सरकते, म्हणून काठ गडद ठेवायचा आणि पोट फिकट. मधेच कागदाला शाई लागली नाही असे पांढरे ठिपके सोडायचे. लाल रंग काळ्यापेक्षा किंचित उजवीकडे सरकवायचा, म्हणजे दोनदा मशीनवर चढवलेला कागद वाटावा. ओळीतलं एखादं अक्षर केसभर वर, एखादं खाली. ठिपके हवेत म्हणून तू राइस मिलमधून कोंडा आणलास आणि स्कॅनरच्या काचेवर पसरलास! कागदाच्या रेषा हव्यात म्हणून तेंदूपत्ता दाबून ठेवलास. काचेवर ओरखडे पडले ते पडलेच. त्यानंतर गावातल्या ज्या-ज्या माणसाने आधार कार्ड स्कॅन करायला दिलं, त्याच्या कपाळावर एक आडवी रेघ येत गेली, आणि लोकांची बोलणी कोणी खाल्ली? मी. तू मागच्या खोलीत बसून हसत होतास.

नागझिऱ्याच्या गेटजवळच्या त्या रिसॉर्टचं प्रकरण तर मी अजून गिळलेलं नाही. मालकाला जेवणाच्या हॉलमध्ये लावायला जुनं नाटकाचं पोस्टर हवं होतं. आपल्याकडे खरी जुनी पोस्टरं होती दोन-चार, उंदरांनी खाल्लेली, पण खरी. ती नकोत म्हणाला, फार मळकी आहेत. मळकं नको, पण जुनं हवं! तू नाही म्हणायला पाहिजे होतंस. तू काय केलंस, कधी झालंच नाही अशा नाटकाचं नाव काढलंस, 'मेव्हण्यानं मोडला मांडव', खाली कधी नव्हतीच अशी कंपनी टाकलीस, वर चहाचा गोल डाग काढलास आणि दिलंस पाठवून. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. थंडीत कुडकुडत, गळा फाडून नाटक करणारी खरी माणसं इथे आहेत, आणि वाघ बघायला आलेले लोक जेवता जेवता खोट्या नाटकाचे फोटो काढणार. तुझं म्हणणं होतं की त्यायले जुनं दिसनारं पायजे, जुनं असनारं कोनी मागितलं? वरून तोंड इतकं सरळ, की जणू तूच शहाणा. आणि कळस म्हणजे वडशाकडच्या एका नाटक कंपनीच्या माणसाने कुठेतरी त्या पोस्टरचा फोटो पाहिला आणि फोन करून विचारलं की हे नाटक कोणाचं, आम्हाला बसवायचं आहे. तू पापणी न हलवता म्हणालास, लेखक वारले. मग सुस्कारा टाकलास. त्या माणसाने तिकडे दुःख व्यक्त केलं. मला रागातसुद्धा हसू आलं, ते तू पाहिलंस आणि आपलं भांडण तिथे फिसकटलं.

इतक्या सरळ तोंडाने तुला खोटं बोलता येतं हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला पाहिजे होतं. ठेवलं नाही.

आपलं मोठं भांडण मात्र फिसकटलं नाही, ते चालू राहिलं. ते र चं. तू टेम्पोवाल्याच्या घाईत प्रत्येक अक्षराचा एकच ठसा घेतलास. जो र तुझ्या हाताला लागला त्याच्या खालच्या तिरप्या पायाचं टोक तुटलेलं होतं. आता पेटीत र काय एक असतो का? र चा खण भरून खिळे असायचे आणि प्रत्येक खिळा आपापल्या नशिबाने झिजायचा. एकाचं डोकं दबलेलं, एक खाली पडून चेमटलेला, एक धडधाकट. म्हणून खऱ्या छपाईत दोन र कधी सारखे दिसत नाहीत. तुझ्या पोस्टरवर मात्र जितके र, तितके सगळे त्याच पायाने लंगडे, सगळे त्याच ठिकाणी तुटलेले. तिथेच तुझी सगळी करामत उघडी पडायची. कोंडा, तेंदूपत्ता, सरकलेला लाल रंग, सगळं पाण्यात.

मी म्हणायची, कागदावर हाताने दोन-तीन वेगळे र काढून दे, मी काढून देते. तू म्हणायचास, "लोकं नाव वाचतेत व बाई. अक्षराची जखम कोन पाहते?" मी म्हणायची, मला दिसते. तर म्हणायचास, तुले सोडून. आणि मग तुझा हुकमी साक्षीदार. सुनंदाले दाखवलं, तिलेबी काई दिसलं नाई. दर मंडईला हेच. नवीन पोस्टरचा पहिला कागद निघाला की मी चष्मा लावायची, बोट ठेवायची, आणि तू खर्रा गालात सरकवून खुर्ची मागे घ्यायचास. येणारी-जाणारी माणसं बाकावर बसून ऐकायची. चिचगडच्या कमिटीवाल्यांना तर त्यात नाटकापेक्षा जास्त मजा यायची. मी घरी जाऊन सुद्धा पुटपुटत राहायची. जेवताना नवीन मुद्दा सुचायचा आणि सकाळी कधी एकदा दुकान उघडतं असं व्हायचं.

हे भांडण सुरू कसं झालं ते तुला आठवत असेल. माझा नवरा गेला, दिरांच्या घरात मी अडगळ झाले आणि एक पेटी घेऊन इथे आले. तेव्हा मी कोणाशी बोलत नव्हते. सुनंदा ताट आणून ठेवायची, मी दोन घास खायची आणि मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसायची. नातेवाईक येऊन समजूत घालून गेले, कोणी देवाचं सांगितलं, कोणी माझ्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून मोकळे झाले. तू मात्र एके दिवशी पोस्टरचा ओला कागद घेऊन आलास, माझ्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालास, बाई, प्रूफ पाहून दे, माह्या डोळ्यात कचरा गेला. मी ओळीवरून बोट फिरवत गेले. मग कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडून वाक्य निघालं की हा र 'रात्री'मध्येही इथेच तुटलाय आणि 'बाजार'मध्येही इथेच, असं कसं झालं? तू म्हणालास, कुठं तुटलाय, मले तर नाई दिसत. मी भडकले. दुसऱ्या दिवशी तुला दाखवून द्यायला दुकानात आले. आले ती आलेच. तू खिडकीजवळ माझ्यासाठी खुर्ची ठेवलीस आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागलास की बाईने पाहिल्याशिवाय काही छापत नाही.

आता परवाचं सांगते.

तेरवीच्या पत्रिकेचा विषय निघाला तेव्हा काकाजी म्हणाले, चौकातल्या फ्लेक्सवाल्याला सांगतो, त्याच्याकडे बनवलेलीच असते, फक्त नाव बदलायचं. मी उभी राहिले. म्हटलं, रामूची पत्रिका रामूच्या दुकानात निघेल, बाबूजींच्या अक्षरात निघेल. तू कितीदा चेष्टेत म्हणाला होतास की बाई, मी मेलो तं माहं नाव बाबूजीच्या अक्षरात टाकजो, सोन्याच्या पाण्यात नोको बुडवू. मी तुला तेव्हा चूप बस म्हटलं होतं. काकाजींना सांगितलं तर त्यांनी जुनी पोस्टरं पाहिली आणि हात झटकले. "मेलेल्या मानसाचं नाव तुटक्या अक्षरात? खंडित मूर्ती कोनी पूजते का? अपशकुन हाय." ओसरीवरच्या बायकांनी लगेच माना डोलावल्या. फुगलेलं सोनेरी अक्षर शुभ, आणि बापाच्या हातून झिजलेलं अक्षर अशुभ! मी काकाजींना विचारलं, त्या अक्षरात तुमच्या लग्नाची पत्रिका निघाली होती, तेव्हा काय झालं? तेव्हाही अक्षरं झिजलेलीच होती आणि काकू पन्नास वर्षं नांदली. काकाजी माझ्यापेक्षा मोठे आहेत, असं बोलायला नको होतं असं सगळ्यांचं मत पडलं. मी मत विचारलं नव्हतं. शेवटी सुनंदा आतून म्हणाली की बाई म्हणतात तसं होऊ द्या. एवढंच.

म्हणून मी तुझ्या खुर्चीवर बसले. तुझी खुर्ची डावीकडे कलते, ते तू कधी सांगितलं नव्हतंस. वर 'शोक संदेश', खाली तुझं नाव मोठ्या अक्षरात. रामेश्वर. आणि नाव स्क्रीनवर उमटलं तशी माझी कानशिलं तापली. पहिला र, शेवटचा र, दोन्ही त्याच पायाने लंगडे, त्याच जागी तुटलेले. तुझ्या स्वतःच्या नावात तुझी चूक पहारा देत उभी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावांवर, गावांच्या नावांवर बोट ठेवून तुझ्याशी भांडले, आणि तुझंच नाव कधी लिहून पाहायचं सुचलं नाही.

मी म्हटलं, आता कोण अडवतं मला? बाबूजींच्या पेटीतला तो डोकं दबलेला र मला पक्का आठवत होता. पाय शाबूत, डोक्यावरची रेघ मधे खचलेली. कागदावर शाईने काढला. दोन-तीनदा बिघडला, मग जमला. स्कॅन केला, कोंडा न टाकता, हे ध्यानात घे. तुझ्यासारखाच काठ गडद ठेवला, पोट फिकट केलं, आणि नावाच्या शेवटी बसवला. कागद काढून पाहिला. खोटं नाही सांगत रामू, बाबूजींच्या मशीनवरून आत्ता उतरला असं वाटत होतं. तुझ्या दुकानातून निघालेल्या सगळ्या कागदांत तो एकच कागद खरा जुना दिसत होता. मला जिंकल्यासारखं झालं. कोणाला दाखवायला तोंड वर केलं तर समोर भिंत.

कागद घेऊन घरी गेले. सुनंदा धान पाखडत बसली होती, हाताला काम लागतं तिला. तिच्यापुढे कागद धरला. तिने हात पदराला पुसले, तुझ्या नावावरून बोट फिरवलं आणि शेवटी थांबली.

"बाई, हा मागचा र काऊन बदलला?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते. मी विचारलं, तुला दिसला?

"मले तं पयल्याच वर्षी दिसला होता. मी त्यायले म्हणलं, बाई बरोबर बोलते, दुरुस्त करा. तर म्हणे, राहू दे तसाच. म्हणे, र दुरुस्त झाला तं बाई भांडन कायच्यासाठी? पुन्हा अंगणात जाऊन बसून राहील. मले शपथ घातली होती."

तिने डोळ्याला पदर लावला नाही. सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली.

म्हणजे तुला दिसत होतं. पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्या दिवशी ओला कागद घेऊन अंगणात आलास तेव्हाही दिसत असणार, डोळ्यात कचरा गेला म्हणे! दर मंडईला खुर्ची मागे घेऊन, खर्रा गालात सरकवून, ज्या तोंडाने त्या कंपनीवाल्याला लेखक वारले म्हणून सांगितलंस त्याच तोंडाने मला सांगत राहिलास की दिसत नाही. स्वतःच्या कामात वर्षानुवर्षं चूक ठेवलीस. लोक तुला नावं ठेवतील याची पर्वा केली नाहीस. मोठ्या बहिणीला लहान पोरीसारखं खेळवलंस. मी काय मागितलं होतं का तुझ्याकडे? बाई, तू इथे राहा, मला तू पाहिजे, एवढं सरळ सांगितलं असतंस तर काय जीभ झडली असती तुझी?

झडली असती. मला माहीत आहे. मीही तशीच आहे, बाबूजीही तसेच होते.

पण माझा खरा संताप कशाचा आहे ते समज. र दडवलास ते मी पोटात घालते. माझ्यासाठी दडवलास, त्यावर मी जगले, मी ते नाकारत नाही. दोन वेळचं जेवण सुनंदाने दिलं, पण सकाळी उठायला कारण तू दिलंस. त्याच हसऱ्या तोंडाने छातीतलं दुखणंही दडवलंस ना पण! मला वाटलं, आपला रामू खोटं बोलतो ते नाटकाच्या पोस्टरापुरतं. गॅस आहे म्हणालास आणि मी मानलं. मी कामाकडे बघत राहिले, अक्षरांचे तुकडे मोजत राहिले, आणि तू माझ्या बाजूच्या खुर्चीत बसून तुटत होतास. ही दोन सोंगं एकाच माणसाची होती हे मला सूप पाखडणाऱ्या सुनंदाकडून कळावं? एकासाठी पाया पडावंसं वाटतं आणि दुसऱ्यासाठी थोबाडीत मारावीशी वाटते, आणि दोन्हीला तू समोर नाहीस.

मी परत दुकानात गेले. माझा र काढून टाकला. इतका चांगला जमलेला र, काढताना हात अडला, पण काढला. तिथे तुझा लंगडा र परत बसवला. तशाच पत्रिका छापल्या आणि तशाच गावोगाव गेल्या, चिचगडला, आमगावला, दरेकशाच्या पाहुण्यांकडे, बालाघाटच्या माझ्या दिरांकडेसुद्धा. काकाजींनी चष्मा लावून एक पत्रिका हातात घेतली, पुष्कळ वेळ पाहिली आणि म्हणाले, माह्या भाऊच्या छापखान्यातली वाटते. मग घडी करून खिशात ठेवली. फ्लेक्स अजून खांबावर आहे. तो मी उद्या उतरवणार आहे, कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

एक पत्रिका मी तुझ्या खुर्चीवर ठेवली आहे, डावीकडे कलणाऱ्या. दोन्ही र एकाच जागी तुटलेत, रामू. आंधळ्यालाही दिसेल. हिंमत असेल तर ये, आणि माझ्या तोंडावर सांग की तुला दिसत नाही.